कृष्णाबाईच्या उत्सवाला वाईला जाताय? आधी आळी ठरवा

वाईची मावशी असल्यामुळे माघ लागला की मला ओळखीपाळखीचे फोन यायला लागतात. प्रश्न ठरलेला असतो: "कृष्णाबाईचा उत्सव कधी आहे गं? तारीख सांग, गाडी काढतो." कृष्णाबाई म्हणजे कृष्णा नदीच, देवीच्या रूपातली. तिच्या उत्सवाची तारीख सांगता येत नाही, कारण ती एक नाहीच. पहिल्यांदा जाणाऱ्यांची फजिती बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

आमचीही झाली होती. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी मोठ्या तोऱ्यात सासूबाईंना आणि नवऱ्याला घेऊन वाईला गेले. घाटावर पोचलो तर एका बाजूला बांबू रचून ठेवलेले, दोन पोरं क्रिकेट खेळतायत आणि एक कुत्रं पायरीवर झोपलेलं. एका आळीचा उत्सव आदल्या दिवशी आटोपला होता आणि पुढच्या आळीचा मांडव अजून उभा राहायचा होता. मावशीला विचारायची तसदी मी घेतली नव्हती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. "गणपतीचं दर्शन तरी झालं," एवढंच म्हणाल्या, आणि ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

तर पहिल्यापासून सांगते.

आळी आणि दिवस

वाईत कृष्णेकाठी सात आळ्यांचे सात उत्सव होतात: भीमकुंड आळी, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि गंगापुरी. प्रत्येक आळीची कृष्णाबाई वेगळी, मांडव वेगळा, पंगत वेगळी, आणि खासगीत विचारलंत तर प्रत्येक आळीच्या मते आपलाच उत्सव सगळ्यात देखणा. माघ शुद्ध प्रतिपदेला सुरुवात होते आणि एकामागून एक आळी करत चैत्रापर्यंत हे चालू राहतं. म्हणजे जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी इथपासून एप्रिलपर्यंत. तिथीवर सगळं असल्यामुळे गेल्या वर्षीची तारीख या वर्षी उपयोगाची नाही.

म्हणून पहिली पायरी: आळी ठरवा, मग त्या आळीची कार्यक्रमपत्रिका मिळवा. वाईत कुणीतरी ओळखीचं असतंच; नसलं तर आदल्या आठवड्यात वाईवरून जाणाऱ्या कुणाला तरी गावातले फलक बघायला सांगा. पत्रिकेत तीन गोष्टी शोधायच्या. देवी घाटावर कधी येते, महाप्रसाद कुठल्या दिवशी आहे, आणि संध्याकाळी कीर्तन की गाणं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर माझा सल्ला असा की महाप्रसादाचा दिवस पहिल्या खेपेला टाळा. मधला एखादा साधा दिवस घ्या. देवीसमोर निवांत बसता येतं, संध्याकाळी कीर्तनाला पुढे जागा मिळते आणि चप्पल जिथे काढली तिथेच सापडते. ज्यांना पंगतीचंच आकर्षण आहे (आमच्या घरात ते नवऱ्याला आहे), त्यांनी अर्थातच महाप्रसादाचा दिवस धरावा. त्याचं वेगळं सांगते.

दोन दिवस मात्र जपून. एक, रंगपंचमी. त्या दिवशी वाईजवळच्या बावधनला भैरवनाथाचं बगाड असतं, म्हणजे नवस बोललेल्या माणसाला उंच खांबाला टांगून बैलांनी ओढत न्यायचा लाकडी गाडा. बगाड बघायचंच असेल तर जरूर जा, पण तो वेगळा दिवस, वेगळी तयारी. बगाड आणि घाट एकाच दिवसात बसवायला गेलात तर दोन्हीपैकी काहीच धड होणार नाही. दुसरं म्हणजे लांब सुट्टीचा शनिवार. पाचगणी-महाबळेश्वरला जाणारी सगळी गर्दी वाईवरूनच पसरणीच्या घाटाला लागते. त्या दिवशी वाईत गाडी घेऊन शिरण्यापेक्षा चालत पुण्याला परत यावं.

थोडं आधीचं

मुलं वाटेत विचारतातच, तेव्हा हे माहीत असलेलं बरं. वाई आदिलशाहीत होती आणि अफझलखान एके काळी इथला सुभेदार होता. १६५९ साली शिवाजी महाराजांवर चालून आला तेव्हाही त्याचा तळ वाईलाच पडला होता. गावात सांगतात ते असं की या संकटातून राजा सुखरूप सुटू दे, आम्ही तुझा उत्सव करू, असा नवस वाईच्या शेंडे घराण्यातल्या शास्त्र्यांनी कृष्णाबाईला बोलला. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झालं ते पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. तेव्हापासून हा नवस फेडणं चालू आहे.

मला यातलं आवडतं ते असं की नवस देवळातल्या देवाला नव्हता, नदीला होता. त्यामुळे उत्सवही देवळात नाही, नदीच्या काठावर होतो. देवी पाण्याजवळ येऊन बसते. बाकीचं सगळं त्यावरून ठरतं.

जायचं कसं

पुण्याहून वाई सुमारे ९० किलोमीटर. सातारा रस्त्याने खंबाटकी ओलांडला की सुरूर फाटा येतो. तिथे उजवीकडे वळलं की दहा-एक किलोमीटरवर वाई. सुरूर चुकलात तरी घाबरायचं कारण नाही, पुढे पाचवडवरूनही वाईला रस्ता आहे. साताऱ्याकडून येणारे तिथूनच वळतात. एसटीने येणार असाल तर स्वारगेटवरून पाचगणी-महाबळेश्वरची कुठलीही गाडी वाईवरून जाते. माझं मत विचाराल तर आजी-आजोबा बरोबर नसतील तेव्हा एसटीच बरी. वाई स्टँडवरून घाट चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे, आणि आळ्यांमधून गाडी घालण्याचा ताप वाचतो.

गाडी नेलीच तर ती घाटाजवळ न्यायचा हट्ट करू नका. आळ्या अरुंद आहेत, समोरून एक छोटा टेम्पो आला की दोघांपैकी एकाला शंभर फूट मागे जावं लागतं, आणि ते नेहमी तुम्हीच असता. बाजाराच्या अलीकडे मोकळी जागा मिळाली की लावून टाका. सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना आधी घाटाच्या तोंडाशी उतरवा, एकाला सोबत ठेवा, मग गाडी लावायला जा.

बरोबर काय न्यायचं? सतरंजी किंवा जाडसर चादर. घाटाची पायरी दुपारी तव्यासारखी तापते आणि रात्री आठनंतर गार पडते. दोन्ही वेळा खाली काहीतरी लागतं. माघात गेलात तर प्रत्येकाला स्वेटर किंवा शाल, कारण नदीवरचा वारा पुण्याच्या थंडीसारखा नसतो, तो बाहीतून आत शिरतो. पाण्याच्या बाटल्या, टोप्या, लहान मुलांचा एक जादा कपड्यांचा जोड (का, ते पुढे कळेल), एक कापडी पिशवी चपलांसाठी. ओटीचं सामान घरून आणलंत तर उत्तम.

सकाळ मेणवलीला

आठच्या आसपास वाईत पोचा, पण थेट घाटावर जाऊ नका. सकाळी मांडवात पूजा-अभिषेक चालू असतो, बाहेरच्या माणसाला तिथे फारसं काम नसतं. नाष्टा करून तीन किलोमीटरवरच्या मेणवलीला जा. तिथे नाना फडणवीसांचा सहा चौकी वाडा आहे. तो आजही खासगी मालकीचा आहे. उघडा असला तर आत जाऊन भिंतींवरची चित्रं बघा, नसला तर दार वाजवत बसू नका. खरी मजा मागच्या घाटावर आहे. चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, मेणेश्वराचं देऊळ, आणि त्याच्या शेजारी टांगलेली एक भलीमोठी घंटा.

ही घंटा मुलांना नीट दाखवा. जवळ जाऊन बघितलं की तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते आणि १७०७ हे साल. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा लुटीत आल्या आणि मराठी देवळांत टांगल्या गेल्या. त्यातली ही एक. माझ्या लेकीने सहाव्या वर्षी तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मग तिला इथलं मराठी कळतं का?" उत्तर अजून दिलेलं नाही.

मेणवलीला दीड तास पुष्कळ झाला. शहाण्या माणसाने तिथून धोमला जायचा मोह आवरावा. धोमचं नृसिंहाचं देऊळ बघण्यासारखं आहेच, धरणही आहे, पण तेही करू, मग पाचगणीला टेबललँडही करू, असं करत गेलं की संध्याकाळी घाटावर पोचता तेव्हा मुलं रडवेली आणि मोठी माणसं मौनात. पहिल्या खेपेला मेणवली आणि घाट, एवढंच.

ढोल्या गणपती आणि नंदी

साडेदहा-अकराला वाईत परत या. गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ आहे. सरदार रास्त्यांपैकी गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते १७६२ मध्ये बांधलं. मूर्ती एकसंध दगडाची आहे, आणि आकार बघितल्यावर 'ढोल्या' हे नाव कुणी लाडाने ठेवलं असेल हे सांगावं लागत नाही. दर्शन झालं की सगळेजण पुढच्या दाराने निघून जातात. तुम्ही वळसा घालून देवळाच्या मागे जा. मागची भिंत सरळ नाही. माशासारखी निमुळती होत गेली आहे, कारण देऊळ नदीच्या पात्रालगत आहे आणि पुराचं पाणी आलं की ते या टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं अशी ती योजना. होडीचं नाक पाणी कापतं, तेच काम इथे दगडाकडून करून घेतलंय. नदीला नवस बोलणारं गाव तिच्या पुराचा हिशोबही असा बांधकामात करून ठेवतं, हे मला फार आवडतं.

शेजारीच काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे, आनंदराव भिकाजी रास्त्यांनी १७५७ मध्ये बांधलेलं. महादेवाइतकाच नंदी बघा. त्याच्या गळ्यातल्या माळा, पाठीवरची झूल असं सगळं दगडात कोरलंय, आणि मुलांच्या हाताच्या उंचीवर दगड इतका गुळगुळीत झालाय की किती पिढ्यांच्या पोरांनी त्याला कुरवाळलं असेल याचा अंदाज येतो.

पंगत

महाप्रसादाचा दिवस नसेल तर गावात कुठल्याही खानावळीत जेवा आणि हा भाग सोडून पुढे चला.

महाप्रसाद असेल तर साडेअकरा-बाराला घाटावर हजर राहा. पहिल्या पंगतीत घुसायची घाई करू नका. पहिल्या पंगतीत मानाची माणसं आणि आळीतली मंडळी असतात, आणि तुम्ही पाहुणे आहात. दुसऱ्या-तिसऱ्या पंगतीला वाढपी सरावलेले असतात, आमटीही मुरलेली असते. मांडी घालून बसता येत नसेल अशा माणसांसाठी कडेला खुर्च्यांची सोय आहे का ते आधीच विचारा. "आजींना खाली बसता येत नाही हो," एवढं म्हटलं की कुणीतरी उठून खुर्ची आणून देतं. संकोच करून आजींना तासभर उभं ठेवू नका.

पंगतीचे काही शिष्टाचार पुण्या-मुंबईच्या मुलांना माहीत नसतात, ते आधी कानात सांगून ठेवा. पत्रावळीवर सगळं वाढून होईपर्यंत हात लावायचा नाही. श्लोक होतो, मग जेवायचं. नको असेल तर वाढायच्या आधी पत्रावळीवर आडवा हात धरायचा. वाढल्यावर "नको" म्हणून उपयोग नाही. पानात टाकायचं नाही. आणि आपली पंगत उठेपर्यंत मधूनच उठायचं नाही, फोन आला तरी.

नदीवरचा वारा सुटला की रिकामी पत्रावळ उडते. शेजारच्या पायरीवर, शेजारणीच्या पदरावर, कुठेही. माझ्या समोर एकदा एका गृहस्थांची पत्रावळ भातासकट उलटली; त्यांनी शांतपणे चष्मा पुसला आणि वाढप्याला म्हणाले, "आता पुन्हा पहिल्यापासून." पान मांडलं की लगेच त्यावर पाण्याचा पेला ठेवायचा, म्हणजे हा प्रसंग येत नाही.

जेवणाचा पदार्थ म्हणाल तर भात आणि आमटी हा जीव. गोड काय असेल ते त्या त्या वर्षी. मोठ्या पातेल्यातली आमटी घरी तशी होत नाही, मावशी म्हणते, "ती चव पातेल्याची असते, आमटीची नव्हे." जमेल तेवढी देणगी द्या, पावती घ्या. आणि मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर त्यांना पुढच्या पंगतीला पाणी वाढायला पाठवा. कुणी नाही म्हणत नाही. माझा मुलगा घरी स्वतःचं ताट उचलत नाही, तिथे पाण्याचा जग घेऊन तासभर फिरत होता.

ओटी

दुपारी पंगतीची गडबड ओसरली की देवीसमोर बायकांची रांग लागते. ओटीत खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, जमलं तर बदाम-खारीक आणि वेणी. सगळं घाटाच्या वाटेवर मिळतं, पण खण घरून निवडून आणलेला असला तर बरं वाटतं. कृष्णाबाईला हिरव्या बांगड्याही वाहतात.

रांगेत उभं राहिल्यावर समोरची बाई काय करते ते बघा आणि तसंच करा, याहून वेगळी सूचना नाही. ओंजळीने ओटी घालायची, हळदी-कुंकू लावायचं, आणि तिथलीच कुणी बाई तुमच्या ओंजळीत परत प्रसादाचे तांदूळ किंवा नारळ देईल, तो पदरात घ्यायचा. पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी पुढे धरायची. काका गेल्यानंतरच्या वर्षी मावशी रांगेत मागे मागे राहत होती. आळीतल्या एका आजीबाईंनी तिचा हात धरून तिला पुढे आणलं आणि म्हणाल्या, "नदीला कसला आलाय सवाष्णपणा, भर ओटी." तेव्हापासून मावशी दरवर्षी भरते. हे सगळीकडे असंच होईल असं मी म्हणत नाही. आमच्या घाटावर झालं ते सांगितलं.

एक मात्र कराच: ओटीचं प्लास्टिक, खणाची पिशवी, उदबत्तीचं पाकीट पात्रात टाकू नका. नदीची पूजा करून तिच्यातच पिशवी सोडणारी माणसं मी दरवर्षी बघते. ती पुण्याचीच असतात असं नाही, पण पुष्कळदा असतात.

मुलं आणि पाणी

आता तो जादा कपड्यांचा जोड. घाटावर मुलं पाण्यात पाय घालणारच. त्याला हरकत नाही, पण तीन गोष्टी पाळा. खालच्या दोन-तीन पायऱ्यांवर शेवाळ असतं. कोरडी दिसणारी पायरीही निसरडी असू शकते. माझा भाचा उभा होता तिथून बसत-बसत तीन पायऱ्या खाली गेला, कमरेपर्यंत भिजला, आणि त्याची एक चप्पल धर्मपुरीच्या दिशेने निघून गेली. दुसरं, वरच्या बाजूला धोमचं धरण आहे, त्यामुळे नदी कोरडी आहे, खेळू द्या, असं गृहीत धरू नका. पात्रात खोल डोह आहेत आणि रामडोह हे नाव उगीच पडलेलं नाही. मुलाजवळ एक मोठं माणूस पायरीवर बसलेलंच हवं, मोबाइल न बघणारं. तिसरं, पाणी पिऊ नका, चूळसुद्धा भरू नका. तीर्थ म्हणून डोळ्यांना लावा.

दुपारी दोन ते चार हा वेळ घाटावर उन्हाचा असतो. तेव्हा मोठ्यांना मांडवात किंवा देवळाच्या सभामंडपात टेकू द्या. ज्यांना डुलकी येत नाही त्यांना गंगापुरीत एक चक्कर मारायला सांगा. मराठी विश्वकोशाचं कार्यालय तिथे आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईत राहून हे काम करत होते आणि १९७६ मध्ये विश्वकोशाचा पहिला खंड आला. 'वाई' म्हटलं की लोकांना सिनेमाचं चित्रीकरण आठवतं. माझ्या वडिलांना मात्र तिथून येणारे ते जाडजूड खंड आठवायचे.

संध्याकाळ

साडेचार-पाचला घाट बदलतो. ऊन पलीकडच्या काठावर सरकतं, पायऱ्या झाडल्या जातात, पाणी शिंपडलं जातं, माहेरवाशिणी ठेवणीतल्या साड्या नेसून यायला लागतात. आळीतल्या मुली सासरहून याच दिवसांत येतात. कोण कुणाची, कुठे दिली, मुलं किती, हे सगळं पायरीवर बसल्या बसल्या कानावर येतं. आत्ता सतरंजी पसरा. चांगली जागा म्हणजे देवी दिसेल आणि पाणीही दिसेल अशी, मांडवाच्या कडेची तिसरी-चौथी पायरी. पुढच्या सतरंजीवर कीर्तनाला बसणारी नेहमीची मंडळी असतात, ती जागा त्यांना ठेवा.

या वेळेला काही करायचं नसतं. हेच नव्या माणसाला जमत नाही. "आता काय आहे?" असं मुलं विचारतात, आणि त्यांच्याआधी त्यांचे वडील विचारतात. भेळ आणा, शेंगा आणा, बसा. नदीवर दिवे लागताना बघा.

कीर्तन असेल तर त्याची रचना माहीत असू द्या, म्हणजे कंटाळा येत नाही. नारदीय कीर्तनाचे दोन भाग. पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन निरूपण होतं, ते मोठ्यांसाठी. मग मध्यंतर. बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, नामाचा गजर होतो. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान, गोष्ट. मुलांना मध्यंतरापर्यंत पायऱ्यांवर खेळू द्या आणि टाळ्यांचा गजर सुरू झाला की आत आणून बसवा. बुवा अफझलखानाचं आख्यान लावणार असतील तर तुमची मुलं जागची हलणार नाहीत, कारण खानाचा तळ पडला तो याच गावात, हे बुवा हात करून सांगतात आणि सगळी पोरं वळून अंधारात बघतात.

उत्सवाच्या शेवटच्या दिवशी गेला असाल तर लळिताचं कीर्तन चुकवू नका. उत्सवाची सांगता लळिताने करायची जुनी रीत आहे. देवीकडे मागणं मागायचं, गावाला, पिकाला, मुलाबाळांना, आणि मग तिचा निरोप घ्यायचा. दुसऱ्या दिवशी मांडव उतरतो आणि बांबू पुढच्या आळीकडे निघतात.

ज्यांना बारा वर्षांचा हिशोब ठेवायचाय त्यांच्यासाठी: गुरू कन्या राशीत गेला की कृष्णेचं कन्यागत पर्व लागतं आणि त्या वर्षी गंगा कृष्णेला भेटायला येते अशी श्रद्धा आहे. मागचं पर्व २०१६ मध्ये लागलं होतं. पुढच्याला जायचं असेल तर गर्दी वेगळ्याच मापाची असेल. वर सांगितलेल्यातलं काहीही तेव्हा लागू नाही.

परत निघताना

मुलं लहान असतील तर आरतीनंतर, नऊच्या आत निघा. एसटीने आला असाल तर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळी स्टँडवर उतरल्या उतरल्याच विचारून ठेवा, रात्री खिडकी बंद असते. निघण्याआधी चपलांची पिशवी मोजा. ओटीत मिळालेला नारळ डिकीत सैल ठेवू नका, वाटेतल्या वळणांवर तो इकडून तिकडे गडगडत राहतो आणि प्रत्येक वळणाला मागून कुणीतरी "थांबा, काहीतरी पडलं" म्हणून ओरडतं. सतरंजीत गुंडाळा. घरी पोचलात की दुसऱ्या दिवशी त्याच्या वड्या करा, आणि चार वड्या त्या वाईकराला पाठवा, ज्याने तुम्हाला आळीची पत्रिका मिळवून दिली. पुढच्या माघात त्यालाच फोन करायचाय.